भामाक्का जागा बघायची

वैजू, सरक अशी जवळ. तू तिकडं पुण्यात आणि मी इथं, तरी समज की माझ्या खाटेवर पाय वर घेऊन बसली आहेस, कारण ही गोष्ट फोनवर ओरडून सांगायची नाही. आणि आधी थोडं बोलून घेते, मावशीचा राग धरू नकोस. परवा तू लेकीबद्दल म्हणालीस, "मावशी, ऋतू आता माझ्या हाताबाहेर गेलीय." ती शेजारच्या खोलीतच होती ना गं तेव्हा? तिनं ऐकलं असणार. एवढा जड शब्द तू आमटीत मीठ टाकावं तसा टाकलास आणि लगेच कुकर बिघडल्याचं सांगायला लागलीस. मी हूं हूं केलं, फोन ठेवला, आणि मला भामाक्का आठवली. ती असती तर तिनं तुला तोंडावर विचारलं असतं, "हाताभाईर म्हंजी कुटं गं? उंबऱ्यापत्तुर, का शिवंपत्तुर?"

तुला ती माहीत नाही. माझं लग्न होऊन मी भिंगारला आले तेव्हाची ही गोष्ट, दुष्काळाच्या आगेमागची. तुझे काका लष्कराच्या डेपोत कारकून होते. घरात सासूबाई, मामंजी, आम्ही दोघं. आमच्या गल्लीच्या टोकाला भामाक्काचा गोठा. चार-सहा म्हशी, कडब्याची एक गंजी आणि गोठ्याला लागून दोन खोल्या. त्यातली एक तिची, दुसरीत सरकी-पेंडीची पोती.

बाई उंच आणि हाडकुळी. हनुवटीवर गोंदण, लुगडं घोट्याच्या बरंच वर खोचलेलं. डाव्या डोळ्याची पापणी कायम अर्धी खाली असायची. त्यामुळं तिनं नुसतं "बरी हायेस का" विचारलं तरी आपण काहीतरी लपवतोय आणि हिला ते कळलंय, असं वाटायचं.

आणि संशयीही तशीच. कुणाच्या घरी चहा घ्यायची वेळ आली तर घरवालीनं पहिला घोट घेतल्याशिवाय ती बशीला तोंड लावायची नाही. कुलूप लावून निघायची, गल्लीच्या वळणावरून परत यायची, ओढून बघायची. गंजीवर दगड ठेवलेले असायचे, तरी वारा सुटला की दारात उभी राहून त्याच्याकडं असं बघायची, जसं काही तो कडबा न्यायलाच आलाय. आणि एक गोष्ट मी तिची पक्की पाहून ठेवली होती. ती कधी कुणाकडं पाठ करायची नाही. म्हशीकडं नाही, माणसाकडं नाही, उघड्या दाराकडं तर नाहीच. धार काढून उठली तरी तिरकी तिरकी सरकत बाहेर यायची. "जे आपल्या ऐकन्यातलं न्हाई, त्याला पाठ दावू ने," म्हणायची. आणि तिच्या हिशेबी जगातलं काहीच कुणाच्या ऐकण्यातलं नव्हतं.

पण आपण जसं सगळ्याला एकाच मापानं द्वाड म्हणून मोकळं होतो, तसं तिचं नव्हतं. माझ्या स्टोव्हला ती "डूख धरून बसल्याला" म्हणायची, कारण तो लगेच भडकायचा नाही, माझी पाठ वळली की भडकायचा. चुलीवरच्या दुधाला "उतावळं". वावटळीला "येडी", पण सोसाट्याच्या वाऱ्याला "मस्तवाल". येडीला आपण कुठं चाललोय ते माहीत नसतं, मस्तवालाला असतं. माझ्या सासूबाईंच्या जिभेलाही तिनं एक शब्द दिला होता, तो मी लिहीत नाही, पण बरोबर होता.

म्हशींचं तर विचारूच नकोस. दुसऱ्याच्या रानात घुसते ती ओढाळ. दावं तोडून गल्लीभर नाचते ती हुंदडी, ती वयाची खोड, आपोआप जाते. सावलीला दचकते ती बुजरी. लाथ झाडते ती लाथाळ, पण लाथेआधी कान मागं घेते का ते बघायचं. घेत असली तर ती लाथाळ नव्हे, भ्यालेली. शिंग रोखून येते ती मारकी, पण ती सगळ्यांवर येते का एकावरच? एकावरच येत असली तर त्या एकाला बाजूला घेऊन विचारायचं. आणि दूध असून वर चढवून धरते, ती पान्हा चोरणारी. भामाक्का मनातून तिला सगळ्यांत मानायची. "तिचं तिच्यापाशी हाय," म्हणायची. "द्यायचं का न्हाई, तिचं ती बघंल."

तिचा सगळ्यांत जास्त संशय मात्र एका चांगल्या शब्दावर होता. बाजारात जो तो विकताना सांगतो, म्हैस लई गरीब हाय, लेकरानं धार काढावी. हे ऐकलं की भामाक्का बसलेली असली तर उठून उभी राहायची. म्हणायची, "गरीब कशानं झाली ते सांगा आदी."

आता तिचा एवढा संशय, तर गल्लीचा तिच्यावर त्याहून जास्त. ती पाथर्डीकडची, कोरड्या भागातली. बोलणं थोडं वेगळं, "का" म्हणायच्या जागी "कामून". नवरा मेला म्हणावं तर कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आहे म्हणावं तर कुणी पाहिलेला नाही. पहाटे धारेआधी ती पत्र्याच्या डब्यातून काळा गोळा काढून एकेका म्हशीच्या तोंडात घालायची. सासूबाई म्हणायच्या, अफू असणार. समोरचे कोंडीभाऊ म्हणायचे, मसणातला अंगारा. लोक दूध तिच्याकडचंच घ्यायचे, कारण तेवढं दाट दुसरं नव्हतं, पण घेताना तोंड वाकडं करायचे. सगळ्यांचं एक म्हणणं ठरलेलं होतं. भामाक्का ज्या जनावराला बघून जाते, ते पडेल भावात तिच्याच दावणीला येतं.

कोंडीभाऊंच्या म्हशीचं तसंच झालं. त्यांची बायको बाळंतपणाला माहेरी गेली आणि इकडं म्हैस लाथा झाडायला लागली. बादली उडाली, कोंडीभाऊंची मांडी काळीनिळी झाली. त्यांनी भामाक्काला बोलावलं. मी तेव्हा त्यांच्याकडं विरजण मागायला गेले होते, म्हणून सगळं समोर पाहिलं.

भामाक्कानं म्हशीकडं बघितलंच नाही. ती आधी जागा बघायची, ही तिची पद्धत. खुंटा हलवून पाहिला. दाव्याचा वास घेतला. गव्हाणीत हात फिरवला, पायाखालची जमीन कुठं ओली कुठं कोरडी ते चाचपलं. मग म्हणाली, "धार कोन काढतं?"

"मीच की."

"आन आदी?"

"घरची. ती गेलीय म्हायेरी."

"मंग आदी काय झालं? लाथ, का तिचं जानं?"

"ते काय ध्यानात ऱ्हातं व्हय अक्का," कोंडीभाऊ वैतागून म्हणाले. "जनावर लाथाळ निघालं, इशय संपला. घेती का न्हाई ते बोल."

"घेते. दाव्यासकट दे. आन तुज्या बायकूचं येक जुनं लुगडं दे संगं."

झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीत एकच विषय. बाळंतिणीचं लुगडं मागितलं म्हणजे करणीच. कोंडीभाऊंच्या आईनं लुगड्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या, लिंबू पायाखाली फोडलं, आणि मग ते विटलेलं हिरवं लुगडं लांबूनच तिच्याकडं फेकलं. कुणाच्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही, माझ्यासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेले तर भामाक्का तेच लुगडं नेसून म्हशीखाली बसली होती, चरवी फेसानं भरत होती, आणि म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती. तिला धोतर नको होतं, एवढंच. घरच्या बाईच्या लुगड्याचा वास तिला हवा होता.

मी विचारलं, "अक्का, तुम्हाला कालच कळलं होतं ना?"

"कळलं व्हतं."

"मग सांगितलं का नाहीत त्याला?"

"त्यानं इकायला बोलावलं व्हतं. शिकायला न्हाई." मग चरवीवर फडकं झाकून म्हणाली, "लाथाळ मी म्हनले का? त्यो म्हनला. मी त्येच्या शबुदावर घेतली."

खरं सांगते वैजू, मला हे आवडलं नाही, आजही आवडत नाही. खोटं ती बोलली नव्हती. पण दुसऱ्याच्या तोंडून चुकीचा शब्द गेला की ती तो उचलून पदराला बांधायची. कोंडीभाऊंची बायको बाळ घेऊन परत आली तेव्हा म्हैस गोठ्यातून तिला बघून हंबरली. ती बिचारी गल्लीत उभी राहून रडली. भामाक्का दारात बसून बघत होती, अर्ध्या डोळ्यानं. म्हैस काही तिनं परत दिली नाही.

हे सगळं माहीत असताना आमच्या कुसुमच्या बाबतीत ती मधे पडली, म्हणून आम्हाला जास्तच धास्ती वाटली.

कुसुम माझी नणंद. पारनेर तालुक्यात, चांगल्या शेतीवाल्या घरात दिली होती. वर्षही झालं नसेल, पोरगी पुन्हा पुन्हा माहेरी पळून यायला लागली. न सांगता, एकटी, एकदा तर अनवाणी. विचारलं की म्हणायची, मन रमत नाही. मामंजी तिला एसटीनं परत नेऊन सोडायचे, व्याह्यांची माफी मागायचे. आणि आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, लेकीला मूलबाळ होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. मामंजी त्या रीतीचे कडक. ओसरीवर टेकायचे आणि तसेच कोरडे परत फिरायचे. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले तर विहीणबाई म्हणाल्या, सून रानात गेलीय. मामंजींनी पुडी ओसरीवर ठेवली आणि परत आले. आमच्या घरातलं कुणीही त्या घराच्या ओसरीपलीकडं कधी गेलं नव्हतं.

दुष्काळाच्या उन्हाळ्यात ती पुन्हा आली. मागोमाग निरोप आला. सून वांड आहे, ओढाळ आहे, आठ दिवसांत आणून सोडा. आता पळाली तर आम्ही दुसरी करून आणू.

तुला आज सांगताना सोपं वाटतं गं. पण तेव्हा सोडून दिलेली पोरगी म्हणजे जन्मभर तो एकच शब्द कपाळावर. आणि परत पाठवावं तर ती का पळते ते कुणालाच कळत नव्हतं. घरात सगळे तिच्याकडं चोरून बघायचे. सासूबाईंनी तिची ट्रंक उचकली. कुणाची चिठ्ठी आहे का, कुणी आहे का मनात. तुझे काका तिच्या मागं मागं पाणवठ्यापर्यंत गेले. मीसुद्धा, ती भाकरी थापताना, हिच्या पोटात काय आहे असं मनात म्हणतच होते. कुसुम खाली मान घालून काम करायची. जेवढं विचारावं तेवढी गप्प.

भामाक्का रोज आमच्याकडं धुवण न्यायला यायची, तांदळाचं पाणी आणि भाजीची सालं, म्हशींसाठी. त्या दिवशी ती दारात आली तेव्हा सासूबाई डोळे पुसत म्हणत होत्या, "पोरगी हाताबाहेर गेली, आता काय करावं."

भामाक्कानं बादली खाली ठेवली. "जागा बघितली का?"

"कसली जागा?"

"तिची. ती जितं ऱ्हाती तितली."

सासूबाई उसळल्या. "तुझ्या गोठ्यातली म्हैस न्हाई ती, भामे. आमची लेक हाय."

"म्हशीची जागा मी बगते," भामाक्का म्हणाली. "लेकीची कुनी बगितली?"

मामंजी खाटेवर बसून होते. मग भामाक्काच म्हणाली, कुसुमच्या सासरी दुष्काळात म्हैस विकायला काढली असणार, सगळेच काढतायत. मी गिऱ्हाईक म्हणून जाते. मग माझ्याकडं बघून म्हणाली, हिला संगं द्या, म्हंजी घरात घेत्याल.

सासूबाई मला आत ओढून म्हणाल्या, "यात हिचा काय फायदा, तेवढं बघून ये." हे मला पटलं. मी त्यासाठीच गेले.

एसटीत भामाक्का तिकीट मुठीत घट्ट धरून बसली होती. कंडक्टरनं टोकलं, "आजी, उडून जात न्हाई ते." ती म्हणाली, "तिकीट न्हाई जात. तुमी परत मागताल." रस्त्याच्या कडेला बायामाणसं खडी फोडत होती. ती सगळ्या वाटेत त्यांच्याकडं बघत राहिली.

कुसुमचं घर बघून मला तर तिचाच राग आला. शेणानं सारवलेलं अंगण, लखलखीत भांडी, आणि सासू इतकी गोड बोलणारी. दुष्काळात दूध नव्हतं, तरी बाईनं आमच्यासाठी गुळाचा चहा केला. भामाक्का बशी धरून बसून राहिली, तर ती हसली आणि आधी स्वतः घोट घेतला. "घ्या आता." जावई खांबाला टेकून बसले होते, नजर जमिनीला. मी निरोप सांगितला, वन्संना बरं नाही, बरं वाटलं की आणून सोडतो. सासू म्हणाली, "सोडा की. आमी काय राकीस हाव का? आमचा पोरगा तर लई गरीब हाय."

भामाक्का उठून उभी राहिली.

"म्हस दावा," म्हणाली.

म्हैस पाहिली. म्हणजे खुंटा पाहिला, गव्हाण पाहिली. मग "आंबोन कशात देता, भांडं बगू" असं म्हणत सरळ घरात शिरली, ओसरी ओलांडून माजघरात. मी मागं. माजघराच्या कोपऱ्यात धान्याच्या खोलीचं बुटकं दार होतं. त्याला बाहेरून साखळीची कडी. आमच्याकडंही होती तशी, मला काही वाटलं नाही. भामाक्का मात्र तिथंच थांबली.

"दाना बख्खळ दिसतोय."

"कुठला दाना बाई, या सालात. रिकामीच पडलीय."

भामाक्कानं साखळी बोटानं उचलून मला दाखवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. घरातल्या बाकीच्या कड्या, बिजागऱ्या गंजून काळ्या होत्या. ही एकच रोजच्या हातानं घासून चकचकीत झाली होती. तिनं दार ढकललं. आत दाणा नव्हता. एक वाकळ, पाण्याचा तांब्या आणि कोनाड्यात कुसुमचा कंगवा.

विहीणबाईंनी आवाजसुद्धा खाली केला नाही. "सुनंची हाय. आमी समदी रानात जातो, घरी कोन बगनार? पळती ना ती."

भामाक्कानं विचारलं, "आदी काय झालं? पळनं, का कडी?"

"कडी पहिल्या दिसापस्नं हाय," बाई म्हणाली, साधं, जसं आपण सांगतो की आम्ही दूध झाकून ठेवतो. "थोरली सून आशीच घर सोडून गेली. तवाच ठरवलं, धाकटीच्या येळी गाफील ऱ्हायाचं न्हाई."

जावई दारात येऊन उभे होते. ते जमिनीकडं बघत होते.

भामाक्कानं दार लोटलं, कडी लावली नाही. "म्हस ऱ्हाऊ द्या तुमची."

"का वो? गरीब हाय की."

"व्हय. दिसलं."

परत आलो तेव्हा ती आमच्या उंबऱ्याबाहेरच बसली. मामंजींनी विचारलं, काय बघितलं? ती माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ही सांगंल. ही घरची हाय, माज्यावर इशवास ठिवायची कुनाला गरज न्हाई." मी सांगितलं. कडी, वाकळ, तांब्या. पहिल्या दिवसापासून.

सासूबाई कुसुमला हलवायला लागल्या. "बोलली का नाहीस? तोंड शिवलं होतं का तुझं?"

कुसुम सासूबाईंकडं नाही, मामंजींकडं बघत होती. "संक्रांतीला मी आतच होते, आबा. तुमचा खोकला ऐकला."

"हाक मारायचीस."

"मारली असती तर तुम्ही काय म्हणाला असता?" ती म्हणाली. "पोरगी हाताबाहेर गेली, हेच ना? त्यापेक्षा वाटलं, तुम्ही पाणी मागाल. पाणी मागितलं असतं तर मलाच काढावं लागलं असतं बाहेर. पाहुण्याला पाणी सून देते."

मामंजी उठून परसात गेले. आठ दिवसांनी व्याही न्यायला आले तेव्हा मामंजी दारात उभे राहिले आणि त्यांनी एवढंच सांगितलं की लेक येणार नाही. आत या म्हणाले नाहीत, आणि पाणीही विचारलं नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती, पण गल्ली कुठली संपू देते. लोक काय म्हणायचं ते म्हणायला लागले. टाकलेली, पळकी, खुळी. कुसुम घराबाहेर पडेना, आणि घरात तिचं आणि सासूबाईंचं पटेना. तेव्हा भामाक्का येऊन म्हणाली, मला धारंला आणि दूध घालायला माणूस पाहिजे. पेंडीची खोली रिकामी करते, ती ऱ्हाऊ दे तिथं.

कोंडीभाऊ काय बोलले असतील ते तूच ओळख. "म्हस न्हाई घेतली, पोरगी घेतली. बिनभावाची." आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं. वाईट नाव पडलेलं जनावर ही बाई सोडत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्या गोठ्यात कोंडीभाऊंची म्हैस गेली, त्याच गोठ्यात आज माझी नणंद. मी तिला गाठून विचारलंच, "अक्का, यात तुमचं काय?"

"माजं काम व्हतंय."

"आणि तिचं?"

तिनं मला अर्ध्या डोळ्यानं बघून घेतलं. "इशवास ठिवू नको माज्यावर. येऊन बगत जा. सांगून येऊ नको, अवचित येत जा."

आम्ही गेलो गं. सासूबाई तर रोज काही ना काही निमित्त काढून जायच्या. कधी कुसुम शेण भरत असायची, कधी भामाक्का आणि ती दोघी मिळून एखाद्या म्हशीला शिव्या घालत असायच्या. काही काळानं कुसुम मोठ्यानं बोलायला लागली. मग उलटून बोलायला लागली. भामाक्काला ते आवडायचं नाही, पण ती म्हणायची, "हुंदडी झालीय. जाईल." वापरून घेतलं का तिनं कुसुमला? घेतलं असेल. मला अजून पक्कं सांगता येत नाही, आणि आता विचारायला ती नाही.

पुढच्या साली तुझ्या काकांची बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढलं होतं, म्हणून घाईघाईनं निरोप घ्यायला गेले. गोठ्यावर सुतार बसला होता. कुसुमच्या खोलीला त्यानं नवी कडी बसवली होती, आतून. इतके दिवस ती दाराला आतून पाटा लावून निजायची म्हणे.

भामाक्का बाहेर उभी होती. "लाव गं," म्हणाली.

आतून आवाज आला, "लावली."

तिनं दार हातानं ढकललं. मग पदर खोचून खांदा लावला आणि सगळं अंग टाकलं. सुतार हसायला लागला. "अक्का, दार मोडाल माझं."

"मोडू दे. तुज्या हातचं हाय, काय भरवसा." पुन्हा एकदा ढकललं. दार हललं नाही. तिला कुठल्या गोष्टीवर समाधान झालेलं मी तेवढंच पाहिलं.

"आता उगड," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "तुला वाटलं तर."

दार उघडलं नाही. आत कुसुम काय करत होती कोण जाणे, बसली असेल, निजली असेल. भामाक्कानं हाक मारली नाही. मी म्हटलं, "अक्का, जाता जाता एक सांगा. पहाटे म्हशींना गोळा देता, त्या डब्यात काय असतं हो?"

"कुनासाटी इचारतीस?" ती म्हणाली.

मी हसले आणि निघाले. गल्लीच्या वळणावर मागं बघितलं. भामाक्का उंबऱ्यावर टेकली होती, कडब्याची एक काडी दातात धरून, गल्लीकडं तोंड करून. आणि त्या बंद दाराकडं तिनं पाठ केली होती. पाठ टेकवली होती दाराला, चांगली सैल. त्यानंतर मी तिला पाहिली नाही.

तर वैजू, सुट्टी लागली की ऋतूला घेऊन ये. येताना तिला समजावत, रागावत आणू नकोस, तिला तिच्या मर्जीनं येऊ दे, उशीर झाला तरी चालेल. माडीवरची खोली मी तिच्यासाठी झाडून ठेवली आहे. तिला दार लावून बसायचं असलं तर बसू दे, आपण दोघी खाली उंबऱ्यावर गप्पा मारू. कडी आतून आहे, मी ढकलून बघितली. लवकर या.